भुताला आधी घर लागते

ऑक्टोबर लागला की इंग्लंड-अमेरिकेतल्या पुस्तकांच्या दुकानांत दारासमोरच्या टेबलावर दोन जातींची पुस्तके शेजारी शेजारी मांडली जातात. काहींच्या मुखपृष्ठावर गावातली बेकरी, खिडकीत बसलेले मांजर, वाफाळती किटली. आत फार तर एखादा खून, तोही कोणाच्या जेवणाची वेळ न चुकवता उलगडणारा. उरलेल्यांवर ओसाड वाडा, वाकलेले झाड आणि वरच्या मजल्यावर एकच उजळलेली खिडकी. नवख्या गिऱ्हाइकाला वाटते की दुकानदाराने घाईघाईत दोन कप्पे एकत्र केले असावेत. पण हा शेजार जुना आहे, आणि दुकानदारांनी तो फक्त ओळखला आहे. चांगल्या भयकथेत लेखक आधी ऊब बांधतो, मग तिला तडा देतो. म्हणून शरदासाठी पुस्तक निवडताना भूत किती उग्र आहे याची चौकशी नंतर करावी. घर कसे बांधले आहे, ते आधी पाहावे. या वाचनप्रांतात पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्याला माझ्याकडून एवढेच एक मोजमाप द्यायचे आहे.

या प्रांताला स्वतःचे अध्यासन नाही. लोकसाहित्याचे अभ्यासक एका बाजूने येतात, नियतकालिकांचा इतिहास लिहिणारे दुसऱ्या बाजूने, कथेचे समीक्षक तिसऱ्या. तिघांचीही दखल घ्यायला हवी. पण सुरुवात सूर्यापासून केलेली बरी.

लंडनमध्ये ऑक्टोबरच्या आरंभी संध्याकाळी साडेसहानंतर मावळणारा सूर्य महिनाअखेरीस, घड्याळे तासभर मागे घेतल्यावर, पाचच्या आत बुडतो. मुंबईत त्याच महिन्यात सूर्यास्त जेमतेम वीसेक मिनिटांनी अलीकडे येतो. हा फरक ध्यानात घेतल्याशिवाय तिकडचा शरद आपल्याला कळणार नाही. आपला शरद म्हणजे निवळलेले पाणी, कोजागरीचे दूध आणि दुपारी डोके तापवणारी ऑक्टोबर हीट. पानगळ आपल्याकडे शिशिरात होते, थेट फाल्गुनापर्यंत चालते. तिकडे मात्र पीक घरात येते, सफरचंदे तळघरात जातात, झाडे उघडी पडतात आणि चार-सहा आठवड्यांत अंधार दिवसाचे दोन-तीन तास खाऊन टाकतो. कोठार भरलेले आणि बाहेर काळोख, अशी ती स्थिती असते. गोष्टी सांगायला याहून सोयीची वेळ शेतकऱ्याच्या वर्षात दुसरी नाही.

याच सुमारास मृतांचे दिवस येतात. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये साउइन हा जुना सण 31 ऑक्टोबरच्या रात्रीपासून सुरू होई. ख्रिस्ती पंचांगाने त्यालगत 1 नोव्हेंबरला सर्व संतांचा आणि 2 नोव्हेंबरला सर्व मृतात्म्यांचा दिवस ठेवला. इंग्लंडात त्या दिवसांत मृतांसाठी प्रार्थना करत दारोदार येणाऱ्या गरिबांना आणि मुलांना ‘सोल केक’ नावाच्या छोट्या गोड पोळ्या देत. एकोणिसाव्या शतकात आयरिश आणि स्कॉटिश स्थलांतरितांबरोबर ही रात्र अमेरिकेत गेली. कोरायला तिथे सलगमाऐवजी भोपळा मिळाला, आणि आज जग ओळखते ते हॅलोविन तयार झाले. भाद्रपदाच्या वद्य पक्षात खीर-वडे करून कावळ्याची वाट पाहणाऱ्या माणसाला हे परके वाटू नये. दोन परंपरांचा एकमेकींशी संबंध आहे असा माझा दावा नाही. पण दोन्हीकडे मेलेले लोक येतात ते घरी, आणि त्यांच्याशी पहिला व्यवहार होतो तो अन्नाचा. आता कथांकडे वळू, कारण तिथेही जेवण सुटत नाही.

वॉशिंग्टन अर्व्हिंगची ‘द लेजंड ऑफ स्लीपी हॉलो’ ही दीर्घकथा 1820 साली प्रसिद्ध झाली. अमेरिकन शरदाची ही जवळजवळ अधिकृत कथा. लिहिली मात्र इंग्लंडात. हडसन नदीकाठचा डच शेतकऱ्यांचा मुलूख, शीर नसलेला घोडेस्वार आणि इकबॉड क्रेन नावाचा काटकुळा, खादाड शाळामास्तर हा ऐवज बहुतेकांना सिनेमांतून ठाऊक असतो. मूळ कथा वाचणाऱ्याला धक्का बसतो तो वेगळाच: घोडेस्वार येतो अगदी शेवटी, त्याआधी पानेच्या पाने खाण्यापिण्याची आहेत. इकबॉड शेतातल्या डुकरांकडे पाहतो तेव्हा त्याला ती भाजून ताटात आलेली दिसतात. व्हॅन टॅसलच्या घरच्या मेजवानीत केकांचे, पायांचे, मुरंब्यांचे थर लागतात. ज्या मुलीवर मास्तरचा डोळा आहे तिच्यापेक्षा तिच्या बापाच्या कोठारावर तो अधिक आहे, हे अर्व्हिंग लपवत नाही. हॅलोविनचा त्या कथेत उल्लेखही नाही. भोपळा आहे, तोही शेवटी फुटलेला.

या कथेतली माझी आवडती जागा मात्र मेजवानीच्या आधीची आहे. थंडीच्या संध्याकाळी इकबॉड म्हाताऱ्या डच बायकांत जाऊन बसतो. त्या सूत काततात, चुलाणापाशी सफरचंदे भाजत ठेवलेली असतात, आणि भुतांच्या, चेटकिणींच्या गोष्टी रंगतात. मास्तर आपल्याही गोष्टी घालतो. आणि मग त्याला एकट्याने घरी जायचे असते. शेकोटीपाशी मिळालेल्या सुखाची किंमत तो वाटेवरच्या प्रत्येक झुडपाला घाबरून मोजतो, असे अर्व्हिंग मिस्कीलपणे नोंदवतो. भयकथेचे सारे अर्थशास्त्र त्या अर्ध्या पानात आहे. पुढच्या दोनशे वर्षांच्या समीक्षेने त्यात फारशी भर घातली असे मला वाटत नाही. (समीक्षक मित्र रागावतील, पण त्यांनी ते पान एकदा पुन्हा वाचावे.)

शेकोटी छापखान्यात कशी आली, ही पुढची पायरी. व्हिक्टोरियन इंग्लंडात साप्ताहिके आणि मासिके नाताळसाठी खास अंक काढू लागली, आणि त्यांत भूतकथा असणे हा शिरस्ता झाला. चार्ल्स डिकन्सने 1843 मध्ये ‘अ ख्रिसमस कॅरल’ लिहून ही चव लावली आणि पुढे संपादक म्हणून ती पोसली. त्याच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’च्या 1852च्या नाताळ अंकात एलिझाबेथ गॅस्केलची ‘द ओल्ड नर्सेस स्टोरी’ आली. एक म्हातारी दाई मुलांना त्यांच्या आईच्या लहानपणची हकिकत सांगते आहे, असा तिचा घाट. शेवटी भुते सर्वांना न दिसता फक्त लहान मुलीला दिसावीत अशी सूचना डिकन्सने केली होती. गॅस्केलने ती मानली नाही. तिचे बरोबर होते, कारण दाईच्या तोंडची गोष्ट म्हणजे घरातल्या सर्वांची साक्ष. डिकन्सची स्वतःची ‘द सिग्नल-मॅन’ 1866 सालची. आदल्या वर्षी जूनमध्ये स्टेपलहर्स्टच्या रेल्वे अपघातातून तो वाचला होता, आणि कथेतल्या रेल्वेखोऱ्यातला गारवा त्या अनुभवाशिवाय लिहिता आला असता का, अशी शंका येते. तिथेही रेल्वे सेवकाच्या खोपटात शेगडी आहे, बसायला जागा आहे. बाहेर लाल दिवा आणि बोगदा.

या परंपरेचा सर्वांत कसलेला कारागीर माँटेग्यू ऱ्होड्स जेम्स (1862–1936). हस्तलिखितांचा पंडित, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचा आणि नंतर ईटनचा प्रोव्होस्ट. भूतकथा हा त्याचा फावल्या वेळचा उद्योग. 28 ऑक्टोबर 1893 रोजी केंब्रिजमधल्या ‘चिट-चॅट’ या छोट्या मंडळात त्याने दोन कथा वाचून दाखवल्या. पुढे दर नाताळात मित्रांना खोलीवर बोलावून नवी कथा वाचायची असा पायंडा पडला. एक सोडून बाकी मेणबत्त्या विझवायच्या आणि शाई नुकतीच वाळलेली पाने हाती घ्यायची. ‘घोस्ट स्टोरीज ऑफ अ‍ॅन अँटिक्वेरी’ हा पहिला संग्रह 1904 साली निघाला. पुढे आपली पद्धत समजावताना त्याने लिहिले की पात्रे आधी शांतपणे, आपापल्या नेहमीच्या कामांत मग्न अशी दाखवावीत आणि मग त्या शांततेत ती वस्तू हळूहळू डोके वर काढू द्यावी. त्याची भुते स्मशानात थांबत नाहीत. ‘ओह, व्हिसल, अँड आय विल कम टू यू, माय लॅड’मध्ये भूत खाणावळीच्या खोलीतल्या दुसऱ्या, रिकाम्या पलंगावरच्या चादरीतून उठते. ‘कास्टिंग द रून्स’मध्ये एक गृहस्थ अंधारात उशीखाली हात घालतो आणि बोटांना जे लागते त्याचे वर्णन मी इथे करणार नाही. अंथरूण-पांघरुणाबद्दल इतके नेमके लिहिणारा दुसरा भयलेखक मला माहीत नाही.

ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’बद्दल (1897) एवढेच सांगतो की कादंबरी पहिल्या पानांवर एका पाककृतीची चौकशी करते. जोनाथन हार्करला प्रवासात पाप्रिका घातलेली कोंबडी आवडते आणि होणाऱ्या बायकोसाठी कृती मिळवायची, अशी नोंद तो रोजनिशीत करतो. नंतर किल्ल्यात ताट मांडणारा आणि अंथरूण घालणारा स्वतः यजमानच आहे, घरात नोकर कोणी नाही, हे त्याच्या ध्यानात येते. दातांच्या आधी आपल्याला हा पाहुणचार घाबरवतो.

विसाव्या शतकात हा धागा शर्ली जॅक्सनच्या हाती आला आणि तिने तो उलटा विणला. ‘लाइफ अमंग द सॅव्हेजेस’ (1953) हे तिचे मुलाबाळांच्या गोंधळाचे, हसवणारे गृहपुराण. ‘द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस’ (1959) ही अमेरिकन भयकादंबऱ्यांतली पहिल्या मानाची. दोन्ही एकाच बाईने एकाच घरगुती धबडग्यात लिहिली, आणि दोन्ही एकापाठोपाठ वाचण्याचा प्रयोग प्रत्येकाने करावा. हिल हाउसमधली मिसेस डडली अंधार पडायच्या आत निघून जाते, पण तिच्या हातचे जेवण उत्तम असते. अकरा वर्षे आजारी आईची सेवा केलेल्या एलिनरला स्वतःचे म्हणावे असे घर नाही, आणि हे घर तिला हवेसे वाटू लागते. भिंतींवरच्या धडका सोसता येतात, तिची ती ओढ सोसवत नाही. ‘वुई हॅव ऑल्वेज लिव्हड इन द कॅसल’मध्ये (1962) तर भुताची गरजच उरलेली नाही. दोन बहिणी, खुर्चीतला म्हातारा काका, तळघरात पिढ्यान्‌पिढ्यांच्या बायकांनी भरून ठेवलेल्या मुरंब्या-लोणच्यांच्या बरण्या, आणि पूर्वी एका रात्री साखरेच्या भांड्यात मिसळलेले आर्सेनिक. ऊबदार पुस्तकाची सगळी सामग्री इथे आहे. माझ्या मते या वाचनप्रांतातले हे सर्वोत्तम पुस्तक. पण पहिले म्हणून घेऊ नये, कारण त्यानंतर इतरांच्या बरण्या रिकाम्या वाटतात.

एच. पी. लव्हक्राफ्टबद्दल विचारणारे असतात. त्याच्याकडे अवकाश आहे, समुद्रतळ आहे, प्राचीन ग्रंथ आहेत. स्वयंपाकघर बहुधा नाही. म्हणून शरदातल्या संध्याकाळी मी त्याला बाजूला ठेवतो. अपवाद ‘द कलर आउट ऑफ स्पेस’ (1927). शेतात उल्का पडते, त्या वर्षी फळे कधी नव्हत इतकी टपोरी लागतात आणि तोंडात घातली तर कडू निघतात. सुगीच्या आनंदावर याहून क्रूर घाव कोणी घातला नसेल.

आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूकडे. ज्यांना काटा नको, नुसती चाहूल हवी, त्यांच्यासाठी खूनकथा हा सुरक्षित मार्ग. अगाथा ख्रिस्तीची ‘हॅलोविन पार्टी’ (1969) ऋतूला चपखल बसते: मुलांच्या मेळाव्यात पाण्यातली सफरचंदे तोंडाने पकडण्याचा खेळ, आणि आपण एकदा खून पाहिला अशी बढाई मारणारी मुलगी त्याच बादलीत बुडवलेली. ख्रिस्तीच्या पहिल्या दहांत मी तिला बसवणार नाही. उत्तरार्ध सैल आहे. पण पहिली पन्नास पाने चोख. उलट टोकाला, भूत नाही आणि खूनही नाही तरी शरद पुरेपूर आहे असे पुस्तक हवे असेल तर टोव्हे यान्सनचे ‘मूमिनव्हॅली इन नोव्हेंबर’ (1970). मूमिन कुटुंबाच्या ओढीने काही मंडळी त्यांच्या घरी येतात आणि घर रिकामे असते. मग ती सगळी मिळून ते घर चालवू लागतात. मुलांच्या कपाटात ठेवतात म्हणून मोठ्यांनी ते टाळू नये.

मराठी वाचकाचा या सगळ्याशी संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हा इंग्रजी नाताळ अंकांचा नमुना त्यांच्यासमोर होता असे सांगतात. म्हणजे डिकन्सने ज्या खास अंकात भुताला पाट मांडला, त्याच घराण्यातला आपला दिवाळी अंक. पुढे ‘नवल’, ‘धनंजय’ यांसारख्या अंकांनी गूढकथेला हक्काची जागा दिली. फराळाचे ताट शेजारी, दारात आकाशकंदील आणि हातात नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी, ही कित्येक मराठी घरांतली खरीखुरी शरदातली वाचनरीत. गंमत अशी की आपल्या गूढकथेचा स्वतःचा ऋतू शरद नव्हे, पाऊस आहे. कोकणातले घर, न थांबणारी धार, ओढ्याला पूर आणि आलेला पाहुणा परत जाऊ शकत नाही. म्हणजे आपण पावसातली भीती दिवाळीच्या उजेडात वाचतो.

धारपांनी (1925–2008) परक्या कथाबीजांना मराठी अंगण दिले. त्यांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर (1975) बेतलेली आहे, आणि किंगची ती कादंबरी घडते शरदातच. त्यांच्या समर्थ-कथांची जात निराळी: संकटातल्या माणसाला ताकद असलेला जाणता भेटतो, आणि शेवट बरा होणार याची हमी असते. विल्यम होप हॉजसनचा भूतशोधक कार्नाकी मित्रांना लंडनच्या घरी जेवायला बोलावतो, जेवणानंतर हकिकत सांगतो आणि गोष्ट संपली की सगळ्यांना सरळ वाटेला लावतो. त्याच्या आणि समर्थांच्या कथांतला दिलासा एकाच प्रकारचा. ज्यांना भ्यायचे आहे पण झोपही मोडायची नाही, त्यांनी या वाटेने जावे. मतकरी (1938–2020) असा दिलासा सहसा देत नाहीत. त्यांच्या गूढकथेत चाळीतली, फ्लॅटमधली ओळखीची माणसे असतात आणि धोका नात्यातून येतो. याच लेखकाने ‘अलबत्या गलबत्या’मधली चेटकीण लिहिली, जिला पाहून दोन पिढ्यांची मुले एकाच वेळी किंचाळली आणि हसली. घाबरवण्याचे आणि जोजवण्याचे काम एकच हात करू शकतो याला मराठीत याहून चांगला पुरावा नको. 2018चा ‘तुंबाड’ पाहिलेल्यांना धारपांच्या ‘आजी’ या कथेकडे जाता येईल. तिथला धाक घरातल्याच म्हातारीचा, आणि चित्रपटात तिला वेळेवर भरवावे लागते. पुन्हा अन्न आलेच.

अभ्यासाची आवड असणाऱ्यांना आणखी एक दार दाखवतो. आर. ई. एन्थोव्हेन यांनी संपादित केलेल्या लोकसाहित्याच्या टिपणांचा कोकणावरचा खंड 1915 साली निघाला. गावोगावच्या शाळामास्तरांनी प्रश्नावलीला दिलेली उत्तरे हा त्याचा आधार. मुंजा, हडळ, वेताळ अशा मंडळींची त्यात नोंद आहे. ही सामग्री जमवली होती ए. एम. टी. जॅक्सन यांनी, म्हणजे 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’च्या प्रयोगाला आले असताना अनंत कान्हेरे यांनी ज्यांना गोळ्या घातल्या तेच जिल्हाधिकारी. आपल्या भुतांची शिरगणती कोणत्या राजवटीत आणि कोणाच्या टेबलावर झाली, हे विसरून तो खंड वाचू नये. तळकोकणात आणि गोव्यात देवचार हा गावाचा राखणदारही असतो. त्याचा मान ठेवला की तो वाट दाखवतो. प्रश्नावलीच्या रकान्यात तो भूत म्हणून बसवायचा की देव म्हणून, हा पेच मास्तरांना पडला असणार.

निवडीबद्दल व्यवहाराचे थोडे. कादंबरीपेक्षा कथा घ्यावी. भीती एका बैठकीत पुरी व्हावी लागते, दुसऱ्या दिवशी सकाळी लोकलमध्ये ती उरत नाही. शक्य असेल तर मोठ्याने वाचावी, कारण जेम्सने बहुतेक कथा कानासाठीच लिहिल्या. पुस्तक हाती आले की पहिली दहा पाने चाळावीत: कोणी काही शिजवते का, दिवा लावते का, दार कोण उघडते. तिथे लेखकाला घाई असेल तर पुढे तो नुसते रक्त सांडणार, असे खुशाल समजावे. मुलांसाठी निवडताना वयापेक्षा स्वभाव पाहावा. आणि आपली सहनशक्ती किती याची लाज बाळगू नये. एडिथ व्हॉर्टनने पुढे इंग्रजीतल्या उत्तम भूतकथा लिहिल्या, पण सत्तावीस-अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत तिला भूतकथांचे पुस्तक असलेल्या खोलीत झोप येत नसे. अशी पुस्तके तिने जाळूनही टाकली होती. तिची ‘आफ्टरवर्ड’ (1910) वाचायला घ्याल तर दिवसा घ्या. भूत भेटले हे त्या कथेत भेट होऊन गेल्यावर कळते, आणि मग मागची पाने उलटून पाहण्यासाठी उजेड लागतो. बाकी क्रम ज्याचा त्याने ठरवावा. मी अर्व्हिंगपासून सुरुवात करायला सांगेन, आणि तीही पोटभर जेवण झाल्यावर, नाहीतर मेजवानीचे ते पान पुढे सरकू देणार नाही.